कॉकपिटमधली किरकोळ बाचाबाची

१४ नोव्हेंबर १९९४
आजपासून रोजनिशी. कंपनीच्या डॉक्टरांचा सल्ला. म्हणाले, राग आला की कागदावर काढा. मी म्हटलं, मला राग येत नाही. ते म्हणाले, मग जे येतं ते काढा, पण कागदावर. माणूस जरा उद्धट वाटला. तरी शांत राहिलो. निघताना त्यांचं दार नेहमीसारखंच ओढलं. बिजागरी आधीपासून सैल असणार.

पहिलं पान आहे म्हणून लिहून ठेवतो. अवधूत खारकर, खाजगी विमान कंपनीत को-पायलट. भिवंडीत सगळे मला कॅप्टन म्हणतात, मी दुरुस्त करत बसत नाही. सध्या कंपनीने मला ग्राउंड केलंय, म्हणजे उड्डाण बंद, घरी बसा. कारण काय, तर पेपरवेट. डिस्पॅचच्या क्लार्कने हवामानाचा कागद उशिरा दिला. मी पेपरवेट टेबलावर ठेवला. वेगात ठेवला, मान्य. मध्ये त्याचं तोंड होतं.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. बाहेर पडलं की हात खिशात.

१६ नोव्हेंबर
निजामपुऱ्यात दळण आणायला गेलो. हात खिशात. गल्लीत सुताची हातगाडी आडवी लावलेली. गाडीवाल्याला दोनदा सभ्यपणे सांगितलं. तो बिडी पेटवत बसला. हात खिशातच ठेवले होते, त्यामुळे लाथ मारावी लागली.

संकल्प पाळला गेला. दळण राहिलं.

१९ नोव्हेंबर
आमच्या घरामागे लूमचा कारखाना. पहाटेपासून खटाखट. अण्णांना, म्हणजे वडिलांना, ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांची मजा आहे. निवृत्त हेडमास्तर, दिवसभर पेपर वाचतात आणि माझ्याकडे पेपरावरून बघतात.

दुपारी कारखान्यात जाऊन मुकादमाला विनंती केली, जरा हळू चालवा. तो म्हणाला, साब, लूम है, हार्मोनियम नहीं. मी मेन स्विच खाली ओढला. हँडल हातातच आलं. माल हलका होता. सगळे लूम एकदम बंद. काय शांतता पसरली. नंतर चर्चा झाली. चर्चेत त्यांच्या बाजूने सगळी शिफ्ट होती आणि माझ्या बाजूने मी.

ओठाला टाके. मुकादमानेच रिक्षात बसवून दिलं. म्हणाला, लाइट तो अभी जानेवालीच थी, साब.

२० नोव्हेंबर
माधवीने ओठाला औषध लावलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे औषध लावतानाही प्रश्न विचारते. किती दिवस असं चालणार, म्हणाली. मी म्हटलं, काय असं? ती गप्प. गप्प बसलेलं मला चालत नाही, हे तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही.

संध्याकाळी शेजारच्या विद्युल्लताबाईंना ती सांगत होती, कपाटाचं दार लागलं भुवईला. बरोबरच आहे. दारच लागलं. उघडलं मी होतं, इतकंच.

२२ नोव्हेंबर
माधवी डोंबिवलीला भावाकडे गेली. हवापालट. बरोबर शिवणयंत्र नेलं. हवापालटाला शिवणयंत्र कशाला, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. शांत राहिलो. अण्णांनी तिला टेम्पोपर्यंत पोचवलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

घर मोठं वाटतंय. वाचन वाढवायचं.

२७ नोव्हेंबर
अण्णा म्हणाले, अकलोलीला जाऊन ये, गरम कुंडात बस, डोकं शांत होईल. डोकं शांतच आहे, पण वडिलांचा मान ठेवला. स्कूटरने गेलो.

पाणी उत्तम. डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक जाडजूड गृहस्थ आला आणि स्तोत्र म्हणत पाय हलवू लागला. त्याचा पाय मला लागला. सोडून दिलं. परत लागला. मग मी त्याचं डोकं थोडा वेळ पाण्याखाली धरलं. मारायचा हेतू नव्हता. स्तोत्र थांबावं, एवढाच.

काठावर मंगळ्या नावाचा वारली लाकडाची मोळी टेकून बसला होता. त्याने पाण्यात उतरून मला काखेत हात घालून बाहेर ओढलं. भलताच दणकट. माझे कपडे माझ्या हातात देऊन म्हणाला, सायेब, लोकं हितं आंग निववाया येतात, तुमी पानीच तापवलं. गृहस्थ खोकत होता, पण जिवंत होता.

कुंडाचा गुण येतो म्हणतात. मला परतीच्या वाटेवर बरंच हलकं वाटलं.

५ डिसेंबर
कंपनीचा फोन. बारा तारखेला दिल्लीच्या हेड ऑफिसला चौकशी. तिकीट कंपनीचं. चौकशी म्हणजे औपचारिकता. मला परत घेण्यावाचून त्यांना पर्याय नाही, माझ्यासारखं लँडिंग करणारे आहेत किती.

माधवीला डोंबिवलीला फोन केला. भाऊ म्हणाला, अंघोळीला गेलीय. दुपारी केला, तेव्हाही अंघोळीला. स्वच्छता चांगली, पण तब्येत सांभाळून.

८ डिसेंबर
दापोड्याहून केसरीनाथ मढवी आला. माझा शाळेतला जिवलग. बापाच्या शेतावर गोदामं बांधली, आता ट्रक आहेत त्याचे. हिरामण नावाच्या त्याच्या ड्रायव्हरला दिल्लीजवळ अपघात झाला, तिथल्या हॉस्पिटलात पडलाय. त्याला आणायला केसरीनाथ रेल्वेने निघाला होता. अण्णांचा आशीर्वाद घ्यायला आला, ते त्याचेही हेडमास्तर.

मी म्हटलं, रेल्वे कशाला, माझ्याबरोबर विमानाने चल. तो म्हणाला, नको रं, मना भ्या वाटतं. मी म्हटलं, मी असताना कसली भीती? तुझी गोदामं तुला वरून दाखवतो. तो नको नको करत होता. मी प्रेमाने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवलं आणि समजावलं. मग लगेच हो म्हणाला. माणसाला कुणीतरी धीर द्यावा लागतो.

अण्णा मध्येच उठून आत गेले.

११ डिसेंबर
उद्या सकाळचं विमान. बॅग भरली. युनिफॉर्म इस्त्री करून घेतला. घालायची परवानगी नाही, पण पाहिल्यावर पॅनेलला आठवण होईल.

संकल्प: उद्या काहीही झालं तरी हसतमुख राहायचं. विमानतळावर कुणाशीही वाद नाही. पॅनेलसमोर हात टेबलावर, सर्वांना दिसतील असे. परत आल्यावर डोंबिवलीला जाऊन माधवीला घेऊन यायचं. ती अंघोळीला गेलेली असली तर थांबायचं.

१२ डिसेंबर, सकाळी, विमानतळ
सगळं सुरळीत. पोर्टरशी थोडं झालं, ते धरत नाही. केसरीनाथने नारळ आणलाय. विमानाच्या चाकापाशी फोडायचा म्हणतो. त्याला समजावून नारळ पिशवीत ठेवायला लावला. घामाने भिजलाय बिचारा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली तसा दचकला. विमानाची भीती माणसाचं काय करते.

१९ डिसेंबर, कोठडी
हवालदाराने आज वही परत दिली. रोज लिहिण्याचा वैद्यकीय सल्ला आहे हे त्याला पटवलं. बाहेर पेपरांत जे छापलंय ते विपर्यस्त आहे. 'माथेफिरू प्रवाशाचा धुमाकूळ.' प्रवासी? मी पायलट आहे, एवढं तरी छापायचं. घडलं ते असं.

विमानात केसरीनाथला खिडकी दिली. तो दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसला. नीला ड्युटीवर होती, केबिन क्रूमधली सर्वांत सिनियर. मी म्हटलं, मी कॉकपिटमध्ये बसणार. ती म्हणाली, आज प्रवासी म्हणून आला आहात ना, बसा ना इथेच. पण कॅप्टन दस्तूर भला माणूस. त्यांनी आतून सांगितलं, येऊ दे त्याला. मी जंप सीटवर बसलो. वैमानिकांच्या पाठीमागची घडीची सीट. माझ्या जागेवर नवा को-पायलट होता. त्याच्या कानामागे पावडर दिसत होती. दुर्लक्ष केलं.

टेकऑफ पूर्वेकडे झाला. ठाणे मागे पडलं, खाडी दिसली. मी म्हटलं, कॅप्टन, थोडं उजवीकडे घ्या, माझ्या मित्राला दापोड्याची गोदामं दाखवायचीत. ते हसले. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, अवधूत, आज नको, आजूबाजूला दुसरी विमानं आहेत. मी तिसऱ्यांदा म्हटलं, अत्यंत नम्रपणे. तेव्हा ते म्हणाले, तू जागेवर जाऊन बस. आणि त्या पावडरवाल्याला इंग्रजीत सांगितलं, याच्यावर नजर ठेव.

याच्यावर. जसा मी कुणीतरी चोर.

मी पुढे वाकून को-पायलटच्या बाजूचं कंट्रोल व्हील धरलं. मार्गदर्शन म्हणून. विमान उजवीकडे वळलं. अपेक्षेपेक्षा जास्त वळलं आणि नाकही खाली गेलं. मागे भांडी पडल्याचा आवाज आला, मग माणसांचा. पोरं रडायला लागली. कॅप्टननी कोपर मारलं, माझ्या ओठाची जुनी जखम उघडली. म्हणजे पहिला रक्तपात त्यांनी केला, हे लक्षात ठेवावं. त्यानंतर मी को-पायलटचं डोकं बाजूच्या खिडकीवर आपटलं. तो माझा हात सोडत नव्हता.

कॉकपिटमध्ये आगीच्या प्रसंगासाठी एक कुऱ्हाड असते. ती माझ्या हातात का होती, असं इन्स्पेक्टर पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तर सोपं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये म्हणून. को-पायलटला तिचा दांडा लागला. तेवढ्यात कॅप्टननी विमान सरळ केलं. चांगलं केलं, ते मी नाकारत नाही. रेडिओवर ते हायजॅक शब्द बोलले, ते मात्र मुळीच शोभलं नाही.

नीला आत आली आणि तिने मागून माझ्या कमरेला मिठी मारली. मला बाहेर ओढायचा प्रयत्न. मी तिला बाजूला केलं. ती ट्रॉलीवर पडली. गळ्याचं हाड मोडलं, असं इथे सांगतात. मी तिला बाजूला केलं होतं, पाडलं नव्हतं.

मी कॉकपिटच्या दाराबाहेर येऊन श्वास घेत उभा राहिलो. कुऱ्हाड खाली धरली होती. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने मी न मागता घड्याळ काढून पुढे केलं. एक बाई पोराचं डोकं पदराखाली दाबून बसली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, घाबरू नका, मी पायलट आहे. त्यावर ते जास्तच ओरडायला लागले.

मग केसरीनाथ उठून आला. चालत्या विमानात खुर्च्या धरत धरत. तोंड पांढरंफटक.

म्हणाला, "अवधूत, दे ती कुऱ्हाड."

मी म्हटलं, "तुझीच गोदामं दाखवायला चाललोय. बस जागेवर."

म्हणाला, "मना न्हाय बगायची. मना खाली जायचं हाय. या समद्यांना खाली जायचं हाय."

त्याने पुढे येऊन सरळ पात्यालाच हात घातला. पातं त्याला लागलं. लागलं असं लिहितोय, कारण मी मारलं नाही. मी फक्त कुऱ्हाड ओढली, आणि त्याने सोडली नाही. त्याचा हात तळव्यापासून अंगठ्यापर्यंत उघडला. तरी सोडेना. मग त्याने मला डोकं मारलं, आडवा पाडला आणि छातीवर बसला. चांगला वजनदार आहे. दुसऱ्या दोघातिघांनी माझे पाय प्रवाशांच्या पट्ट्यांनी आणि कुणाच्या तरी ओढणीने बांधले. त्यांतल्या एकाने बरगड्यांत लाथाही मारल्या. त्याची गरज नव्हती.

विमान मुंबईला परतेपर्यंत केसरीनाथ माझ्यावरून उठला नाही. त्याचं रक्त माझ्या शर्टावर ठिबकत होतं. तो लोकांना सांगत होता, काय न्हाय, काय न्हाय, आमच्या गावचा हाय. उजव्या खिडकीतून खाली भिवंडी स्वच्छ दिसत असणार. त्याने एकदाही बघितलं नाही.

उतरल्यावर बंदूकधारी आत शिरले. केसरीनाथ रक्ताने माखलेला, कुऱ्हाड त्याच्याजवळ. त्यांनी आधी त्यालाच दस्त्यांनी झोडपलं. नीला खाली पडल्या पडल्या सांगत होती, तो नाही, तो नाही.

एकंदर गैरसमजांची मालिका. थोडंसं डाव्या-उजव्यावरून झालं, म्हणून एवढं प्रकरण.

२ जानेवारी १९९५, कोठडी
वकिलांनी सांगितलं, वेड्याचं सोंग घ्या. मी नकार दिला. त्यांची फाइल भिंतीवर आदळली तेव्हा ते म्हणाले, सोंग घ्यायची गरज नाही.

बाजूच्या कोठडीतला पाकीटमार मला साहेब म्हणतो. निदान एकाला माझी पदवी कळते.

२४ मार्च
जामीन झाला. अण्णा जामीन राहिले. रिक्षाने घरी निघालो. निजामपुऱ्यात रिक्षा अडकली, शेजारी तोच सुताचा हातगाडीवाला होता. तो मला ओळखून हातगाडी उचलून गल्लीत शिरला. वाट मोकळी झाली. लोक माझा आदर ठेवून आहेत, हे पाहून बरं वाटलं.

घरात कपाट नाही. माधवीचा भाऊ घेऊन गेला म्हणे, आणि तिने घटस्फोटाची नोटीस पाठवलीय. खटल्यातून निर्दोष सुटलो की ती येईलच. लायसन्स रद्द झालंय. तेही मिळेल.

संकल्प: सर्वांना क्षमा करायची. सुरुवात केसरीनाथपासून.

२६ मार्च
दापोड्याला गेलो. केसरीनाथची आई गोदूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. म्हणाली, तो निजलाय. आतून केसरीनाथचा ट्रकवाल्यांशी फोनवरचा आवाज येत होता. मी म्हटलं, झोपेत बोलतो का? ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, बाबा, त्याचा अंगठा आता वळत न्हाय, स्टेरिंग धरता येत न्हाय, जा तू.

मी म्हटलं, मी त्याला माफ करायला आलोय. तिने मांडीवरची सुरी उचलून पलीकडे, स्वतःच्या पाठीमागे ठेवली. अडाणी बाई.

हिरामण मात्र ठणठणीत. रेल्वेने एकटाच परत आला होता. मला बघून गोदामात गेला आणि शटर ओढलं.

१८ नोव्हेंबर १९९६
उद्या केसरीनाथची साक्ष. वकील चिंतेत आहेत, मी नाही. को-पायलट आणि नीला माझ्याविरुद्ध बोलले, ते कंपनीची माणसं. केसरीनाथ माझा माणूस. शाळेपासून मी सांगितलेलं त्याने कधी टाळलं नाही. वकिलांना म्हटलं, त्याला एकच विचारा, माझ्यावर विश्वास ठेवून तो विमानात बसला की नाही. त्यावर सगळं प्रकरण उलटेल.

१९ नोव्हेंबर, दुपार
कोर्टातून आलो.

केसरीनाथने सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच, पण त्याच्या तोंडून वेगळं ऐकू आलं. मधला भाग ऐकताना मलाही पुढे काय होणार म्हणून धडधडत होतं.

मग आमच्या वकिलांनी विचारलं, "आरोपी तुमचे बालमित्र. त्यांच्यावर विश्वास ठेवूनच तुम्ही पहिल्यांदा विमानात बसलात ना?"

त्याने न वळणारा अंगठा दुसऱ्या हातात धरला. म्हणाला, "इस्वासान न्हाय बसलू. याला न्हाय म्हनायची भ्या वाटली."

वकील म्हणाले, "म्हणजे विमानाची भीती."

"न्हाय सायेब. याची. शालेत असल्यापासून. आमचा समदा वर्ग याला भ्यायचा. याच्या घरातली पन भेतात. मी बगलंय."

न्यायाधीशांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा शेवटच्या बाकावर होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

मी उभा राहून बोलणार होतो. हात खिशात घालायचा विचार होता. पोलिसाने आधीच दंड धरला होता.

निकाल सोमवारी. वकील म्हणाले, बॅग भरून ठेवा.

२० नोव्हेंबर, सकाळ
अण्णांनी चहा केला. समोरासमोर बसलो. मागे लूम चालू होते.

मी विचारलं, अण्णा, तुम्हाला माझी भीती वाटते?

त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटलं, म्हणून पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही.

अण्णा म्हणाले, "छे, छे." आणि माझ्यासमोरचा वाफाळता कप बशीसकट हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

निवल्यावर दिला. प्यायलो.